सहांतली मधली

माळेगाव बुद्रुक,
ता. १६ जून १९९६

ती. आबांस,
साक्षीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सगळे ठीक आहेत. तात्या तर इतके ठणठणीत आहेत की त्याचाच आम्हाला त्रास होतो.

माझा बी.एस्सी.चा निकाल लागला. गणितात पहिला वर्ग मिळाला. तात्यांनी कारखान्याच्या गेटापर्यंत पेढे वाटले. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी वॉचमनने त्यांना सलाम केला, म्हणून त्याला दोन पेढे जास्त. इथपर्यंत सारं गोड होतं. रात्री जेवताना मी म्हटलं की मला एम.एस्सी.ला पुण्याला जायचंय, आणि तात्यांची भाकरी हातातच राहिली. ते म्हणाले, बारामतीत बी.एड. कर, एस.टी. दारात येते, दिवेलागणीला घरी. मी म्हटलं, मला एवढ्यात शिकवायचं नाही, मला अजून शिकायचंय.

मग त्यांनी अगदी शांतपणे विचारलं की हे तुझं गणित माणसांनी तयार केलंय, का निसर्गात आधीपासनं आहे. आबा, मला वाटलं तात्यांना गोडी लागली! मी हरखून सांगितलं की यावर मोठमोठे लोक अजून भांडतायत. तात्या म्हणाले, त्यात भांडायचं काय? माणसांनी केलं असेल तर करून झालंय, पुस्तकात छापलंय. पुस्तक मागव, टपालखर्च माझा. आणि निसर्गात असेल तर निसर्ग माळेगावातही आहे, पार कालव्यापर्यंत पसरलाय. तो बघायला पुण्याला कशाला जायचं? दोन्हीकडून जायची गरज नाही. एवढं बोलून त्यांनी आमटी वाढून घेतली.

आजी आधी पोट धरून हसली. मग हा नकार आहे हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने पातेलं आपटलं. बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले, तात्या म्हणतील तसं.

अर्ज जुलैच्या मध्यापर्यंत भरायचाय. माझी मैत्रीण करुणा हिने पुण्यात खोली घेऊन ठेवलीय. खोली एवढीशी आहे की तिची एक खाट मांडल्यावर दुसरी मांडली तर पायथा दाराबाहेर जातो, म्हणून मी जमिनीवर झोपायचं ठरलंय. पण जायला मिळालं तर! तुम्ही आजीचे भाऊ, म्हणून तात्या तुमच्या शब्दाला मान देतात, निदान तुमच्यासमोर तरी. त्यांनी दोन्हीकडून लावलेली कडी तुम्ही एकीकडून काढा.

तुमचा लोभ आहेच. या खेपेला त्याला जरा कामाला लावावं.
तुमची,
साक्षी


इंदापूर,
ता. २० जून १९९६

ती. दाजी यांस,
सावळारामचा सप्रेम जयभीम. वि. वि.

चि. साक्षीचे पत्र पोचले. पोरीने नाव काढले. लक्ष्मीआक्काला सांगा, तिच्या भावाने आनंदाच्या भरात चहात दोनदा साखर घातली आणि दोन्ही वेळा गोड लागली.

काल संध्याकाळी धरणाच्या पाण्याकडे फिरायला गेलो होतो. उथळ पाण्यात बगळे एका ओळीत उभे होते, जणू शाळेची घंटा झाल्यावर मुले उभी राहावीत. मला एकदम आमचे पाढे आठवले. किती गोड चाल होती दाजी! बेचा पाढा म्हणजे माझ्या आयुष्यातली पहिली कविता. अर्थ नंतर कळला, ताल आधी. तीस वर्षे मी पोरांना मराठी शिकवले, पण बेच्या पाढ्यासारखी कडवी कुणा कवीला साधलेली मी पाहिली नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. माझे मत विचाराल तर गणित ही माणसाची रचना आहे. बाभळीला शेंगा लागतात, त्या तीन लागतील किंवा तीनशे, पण ‘तीन’ हा काही बाभळीला लागत नाही. तो आपण रचला, जशी कविता रचतो. आणि कविता एकाने रचली म्हणून संपत नाही. पुढच्याने रचायची असेल तर त्याला रचणाऱ्यांत जाऊन बसावे लागते. तेव्हा पोरीला पुण्याला धाडा, ही हात जोडून विनंती.

लोभ वाढवा म्हणत नाही, आहे त्यात घट करू नये.
आपला,
सावळाराम


माळेगाव बुद्रुक,
ता. २४ जून १९९६

सावळाराम पाव्हणं,
सर्जेरावाचा जयभीम.

पत्र वाचलं. बगळ्याचा मजकूर लई झाला, मुद्द्याचा कमी. तुमचं आसंच. गेल्या जयंतीला तुमी ष्टेजवर कविता म्हणाया उठला आन् मंडपवाल्यानं माईकची वायर काढली. तुमाला वाटलं लाईट गेली. आमी कुणी काय बोललो न्हाय, नात्याचं माणूस म्हणून.

पण एक बरं केलंत. गणित माणसानं केलं म्हणालात, आन् ते मला पटलं. देवाला आपण छप्पन सालीच रजा दिली. तो आसता तर त्येच्या नावावर टाकून मोकळं झालो आसतो. तो न्हाय, म्हंजी माणसानंच केलं. मग मी बी माणूसच हाय की! सारी नोकरी कारखान्याच्या मिलमधी फिटर म्हणून काढली. इंजिनेर कागद घिऊन यायचा, म्हणायचा सर्जेराव, हे बसत न्हाय. मी म्हणायचो, बसतंय. न्हाय बसलं तर घासायचं, न्हाय घासलं गेलं तर कापायचं. माझ्या हातनं न बसल्यालं कायबी त्या कारखान्यात न्हाय.

तवा ऐका. माझ्या बाजंचं सुंभ कुजलंय. तुमी मागं इंदापूरच्या बाजारातनं आणल्यालं नवं सुंभ हाय, ते घिऊन बाज विणाया काढतोय. मला नातवंडं सहा. बाजंवर डोक्याकडनं पायथ्यापातूर एका ओळीत सहा शंकरपाळ्या विणायच्या, एकेका पोराच्या नावाची, समद्या एका मापाच्या. कुणी म्हणाया नगं की म्हाताऱ्यानं दुजाभाव केला. आन् त्यातली साक्षीची बरुबर मधोमध. कारण घराच्या मधी तीच हाय आन् तिनं तितंच ऱ्हायचंय.

हे ऐकून पोरगी हसाया लागली. म्हणती, तात्या, सहांना मधलं नसतंय. मी म्हणलं, तुझ्या पुस्तकातल्या सहांना नसंल, माझ्या बाजंवरल्या सहांना आसंल. तिनं तोंडावर पदर घेतला, ड्रेसला पदर नसतोय तरीबी.

तवा तुमच्या आक्काच्या समोर बोलून बसलोय: अशी बाज विणून झाली, तर गणित माणसाच्या हुकमात हाय हे ठरलं, आन् पोरीनं गुमान बारामतीत बी.एड. करायचं. न्हाय झाली, तर ती पुण्याला जाया मोकळी. आता शब्द माघारी घेता येत न्हाय, तुमची आक्का कशी हाय तुमाला ठाव हाय.

लोभ ऱ्हाऊ द्या, कविता ऱ्हाऊ द्या.
तुमचा,
सर्जेराव


माळेगाव बुद्रुक,
ता. १ जुलै १९९६

चि. सावळारामास,
लक्ष्मीआक्काचा आशीर्वाद. लिहिणार साक्षी.

बाबा सावळ्या, तू ह्यांना काय लिहून धाडलंस? गणित माणूस करतो म्हणं! तुझ्या त्या एका वाक्यानं माझ्या अंगणाचं वाटोळं झालंय. म्हातारं उजाडलं की बाज विणाया बसतंय, ऊन डोक्यावर आलं की उसवाया बसतंय. सहा शंकरपाळ्या झ्याक येत्यात. मग हे डोक्याकडनं मोजत्यात, साक्षीची तिसरी येती. म्हणत्यात, एक घर खाली पायजे. उसवून एक घर खाली घेत्यात, मग डोक्याकडनं चवथी येती, पर पायथ्याकडनं मोजली तर तिसरीच. परवा तर बाज उचलून उलटी ठिवली, डोक्याचं पायथ्याला, आन् पुन्यांदा मोजलं. म्हणलं, आवं, बाज फिरवून माणसाचं मधलं बोट बदलतंय का? तर मलाच म्हणाले, तू यात पडू नगंस, ह्यो धंद्यातला मामला हाय.

(आबा, आजी सांगते आणि मी लिहिते, त्यामुळे यात माझं काही नाही. पण मधलं बोट हे उदाहरण आजीचं स्वतःचं आहे आणि ते मला माझ्या कुठल्याही प्राध्यापकापेक्षा आवडलं. — साक्षी)

त्यातनं तुझ्या सुंभावर आळ आला. म्हणाले, इंदापूरचं सुंभ इमानी न्हाय, ताणलं की लांब हुतंय. बारामतीतनं दुसरं आणलं. त्येनंबी ऐकलं न्हाय. मग काल एक अक्कल काढली. साक्षीची मधोमध विणली, वर दोन थोरल्या, खाली तीन बारक्या. विकीच्या वाट्याला भुईमुगाच्या शेंगंएवढी आली. त्यो म्हणला, तात्या, मी गणितात नापास झालो म्हणून माझी एवढीशी व्हय? ह्यांनीच एका मापाच्या म्हणून शब्द दिला हुता, तो मी आठवून दिला. उसवली.

सावळ्या, आता साक्षीला पाणी आणाया धाडलंय, हा मजकूर विकी लिहितोय, चुका त्येच्या. ह्यांचं बाजंचं खूळ न्हाय रं. त्या पोरीला कालेजातनं याया उशीर झाला की हे रस्त्याकडं त्वांड करून बसत्यात आन् मला इचारत्यात, एस.टी. बंद पडली का. घरात ह्यांना नाय म्हणणारी ती एकटीच. बाकी समदे व्हय म्हणत्यात. व्हयव्हय ऐकून माणसाचा जीव रमत न्हाय. पर त्यापायी पोरीला बांधून ठिवायची का? शिका म्हणून सांगणाऱ्याचा फोटो आमच्या भिंतीवर हाय, त्या फोटोकडं पाठ करून बाज विणत्यात, हे मी बघितलंय.

तूच कायतरी कर. तुझ्या कवितंनं केलंय, तुझ्या कवितंनंच निस्तर.

पोटापाण्याकडं बघत जा. माया हाय, म्हणून शिव्या कमी दिल्या.
तुझी आक्का


इंदापूर,
ता. ४ जुलै १९९६

ती. दाजी यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

माझे मागचे पत्र फाडून टाकावे. त्यातले बगळे तेवढे ठेवावेत, ते खरे होते.

आक्काचे पत्र आल्यापासून मी अंथरुणाच्या चादरीवर डबीतल्या चुन्याने सहा शंकरपाळ्या काढून पाहतो आहे. साऱ्या चादरीची वाट लागली, आणि शेजारचे आप्पासाहेब मला विचारून गेले की सोंगट्या कुठे आहेत. मधली काही सापडली नाही. शेवटी कविताच सुचली:

सहा कावळे तारेवरती, मधला कोण ते सांगा हो?
तीन इकडचे, तीन तिकडचे, मधे रिकामी जागा हो!

हसू नका. म्हणजे हसा, पण पुढचे वाचून.

बगळे पाहून मला पाढ्यांची चाल आठवली असे मी लिहिले होते. चाल आठवली, पण मी कुठे बसलो होतो ते लिहायचे राहिले. तुम्हाला सांगायला नको, तुम्हीही तुमच्या गावी तिथेच बसलात. आत गुरुजी, आत बाकीची पोरे, आणि आपण बाहेर पडवीत. वाऱ्याने निम्मा धडा उडून जायचा. पाटी तपासायची तर ती खाली ठेवून लांब सरकायचे. तो सगळा नियम माणसांनी केलेला. आत एक, उंबऱ्यापलीकडे दुसरा. गुरुजींचा आवाजसुद्धा उंबरा ओलांडताना बदलायचा.

पण दाजी, बे दाहे वीस! आत वीस आणि पडवीतही वीस. पडवीत येताना त्यातला एकसुद्धा कमी झाला नाही. मी बारीक होतो, मला वाटायचे बाहेरच्यांना अठरावर भागवतील. नाही भागवले. गुरुजींच्या हातात असते तर भागवले असते. पण ते त्यांच्या हातातच नव्हते. तेवढी एकच गोष्ट त्या शाळेत कुणाच्या हुकमात नव्हती, आणि म्हणून ती मला गोड लागली. मी इतकी वर्षे समजत होतो की मला चाल आवडली होती.

म्हणून माझे म्हणणे मी फिरवतो आहे. ‘बे’ हा शब्द माणसाचा, पाढ्याची चाल माणसाची. शंकरपाळी विणायची की चौकट विणायची, हेही तुमच्या मर्जीवर. पण एकदा सहा विणायच्या आणि एका मापाच्या विणायच्या म्हटले, की त्यांना मधली असायची की नाही हे तुम्हाला कुणी विचारत नाही. पंतप्रधानांनाही विचारत नाही. उंबरे बदलता येतात दाजी, आपण बदलले. हे बदलत नाही.

आणि साक्षीला नेमके त्या न बदलणाऱ्याकडेच जायचे आहे. तिला पडवीत बसवू नका. बारामतीची पडवी कितीही हवेशीर असली तरी.

आपण थोरले आहात. रागावलात तरी लोभ तिथल्या तिथे असावा.
आपला,
सावळाराम

ता. क.: सुंभ इमानी होते. मी स्वतः ओढून पाहून घेतले होते.


माळेगाव बुद्रुक,
ता. ९ जुलै १९९६

ती. आबांस,
साक्षीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी तात्यांनी ते कडुनिंबाखाली बसून वाचलं. पुन्हा वाचलं. मग घडी करून खिशात ठेवलं आणि आत जाऊन करवत आणली.

आम्हाला वाटलं, आता बाज चुलीत जाणार. पण तात्या फिटर आहेत ना. न बसलं तर कापायचं! त्यांनी बाजेची लांबीची दोन्ही लाकडं एका शंकरपाळीएवढी कापून आखूड केली, पाय पुन्हा ठोकले, ताणाची दोरी बांधली आणि दिवसभर मान वर न करता विणत बसले. ऊन उतरल्यावर अंगणातून अशी आरोळी आली की समोरच्या उसातून लोक बाहेर आले. तात्यांची बाज झाली होती, आबा. माझी शंकरपाळी बरोब्बर मधोमध! डोक्याकडून मोजा, पायथ्याकडून मोजा, तिसरी ती तिसरीच. एक क्षण वाटलं की गेलं माझं पुणं.

तात्या विजयाने त्या बाजेवर आडवे झाले. नडगीपासून पुढचे दोन्ही पाय बाहेर लोंबकळले. तसेच पडून त्यांनी सगळ्या नातवंडांना बोलावलं आणि उठून एकेका शंकरपाळीवर बोट ठेवून ज्याची त्याला दाखवायला लागले. ही सुयोगची... ही साक्षीची, ही विकीची. असं करत पायथ्याशी पोचले आणि बोट बाजेच्या कडेवर टेकलं. धाकटी वृषाली तिथेच उभी होती. तिने विचारलं, तात्या, माझी कुठाय?

तात्यांनी पुन्हा मोजलं. पाच. मला मधे ठेवायचं तर एकीला घालवावं लागतं, आणि त्या सहांतल्या कुणालाच घालवायला तात्या तयार नाहीत. त्यांनी वृषालीला उचलून मांडीवर घेतलं. बराच वेळ त्या बाजेकडे असे बघत बसले जसे पूर्वी बंद पडलेल्या मशीनकडे बघत असतील.

मग मला हाक मारली. मला वाटलं पाणी मागतील. त्यांनी विचारलं, करुणाच्या खोलीत तिची खाट सोडून दारापर्यंत जागा किती उरते? मी सांगितलं. त्यांनी खिशातली टेप काढून बाज मोजली आणि दुसरीकडे तोंड करून म्हणाले, बसतीया.

उद्या अर्ज भरायला बाबा माझ्यासोबत पुण्याला येतायत. कारण तात्या म्हणाले, तसं.

आबा, तुमचं पत्र तात्यांनी नंतर मला वाचायला दिलं. पडवीचं मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या लोभाने काम केलं. आता त्याला जरा विश्रांती द्यावी.
तुमची,
साक्षी


माळेगाव बुद्रुक,
ता. २८ जुलै १९९६

चि. साक्षीस,
तात्याचा आशीर्वाद आन् जयभीम.

तुझं पत्र पोचलं. बाज दाराच्या आत बसली हे वाचून बरं वाटलं. एस.टी.च्या टपावर चढवताना कंडाक्टर म्हणत हुता, आजोबा, ही बाज हाय का पाळणा? मी म्हणलं, आमच्या पोरीच्या मापाची हाय, तू तिकीट फाड. तुझे पाय आत ऱ्हात्यात ना, ते मात्र लिहिलं न्हाईस. लिही.

हितं मी नवी बाज केली, पुऱ्या लांबीची. आता सहा शंकरपाळ्या हायत, समद्या एका मापाच्या. वृषाली रोज येऊन आपली बघून जाती. तुझी तिसरी ठिवलीया. मधोमध नुसता सांधा आलाय, तितं कुणीच न्हाय. दुपारी मी आडवा झालो की त्यो सांधा बरुबर पाठीत येतोय. तुझी आजी म्हणती, टोचत आसंल तर गोधडी घाला. मी म्हणलं, टोचू दे.

तुला इचारल्यालं ते माझ्या डोक्यातनं जात न्हाय. माणसानं केलं म्हणावं तर ते माझं ऐकत न्हाय. मी केल्यालं समदं माझं ऐकतंय, तुझा बाप बी. निसर्गात हाय म्हणावं तर इतकी वर्सं मी त्याच अंगणात त्याच बाजंवर निजलो, कधी दिसलं न्हाय. त्येच्यापाशी दिवस दिवस बसलो तवा दिसलं. तवा मी माझ्यापुरतं आसं ठरवलंय की ते आसतंय आपलं आपलं, पर बसल्याबिगर दिसत न्हाय. आन् बसायचं तर जागा पायजे. तुला तितं जागा मिळालीया, बस निवांत. सावळाराम पाव्हण्यांना हे सांगू नगंस, ते कविता करतील.

घरात समदे व्हय म्हणत्यात. काल मुद्दाम म्हणलं की सूर्य मावळतीला उगवतो, तर तुझा बाप व्हय म्हणला. विकीला गणिताला बसवलंय, मीच घेतो. त्यो बी व्हयच म्हणतोय, म्हणून काळजी वाटती.

आता एक काम. तितं मोठमोठे शिकल्याले लोक आसतील, त्यास्नी इचार, न्हायतर तूच बसून हुडक: सहांना मधलं कुठं सापडतंय का. घाई न्हाय. सापडलं तर कार्ड टाकून कळव. न्हाय सापडलं, तर दिवाळीच्या सुट्टीला हितं येऊन सांग.

आमचा लोभ हाय तितंच हाय, त्येला बाज लागत न्हाय.
तुझा,
तात्या